घरच्या पेढीसाठी छपाईयंत्र

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी पाटावर नवी वही असते, लेखणी असते, कुंकवाने काढलेले ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ असते. अलीकडे अनेक घरांत वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो, आणि त्यालाही हळद-कुंकवाचे बोट लागते. छपाईयंत्राला मात्र पाटावर जागा मिळत नाही. ते आकाराने अवजड असते आणि बहुधा कोपऱ्यातील स्टुलावर धूळ खात पडलेले असते. तरीही पुढचे बारा महिने पेढीचे नाव घेऊन जो कागद गावाबाहेर जातो, तो त्याच यंत्रातून निघतो. गाडीवाल्याच्या हाती दिलेले बिल, बँकेत सादर केलेले मालाचे विवरण, कर सल्लागाराकडे पाठविलेला ताळेबंद, या साऱ्यांवरून पेढीची पारख होते. असे असताना या यंत्राची निवड बहुतेक घरांत अर्ध्या तासात, दुकानदार दाखवील त्यावर बोट ठेवून केली जाते.

सेलू तालुक्यातील वालूरसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. चक्राकार पायऱ्यांच्या देखण्या बारवेमुळे या गावाचे नाव आता दूरवर पोहोचले आहे. अशा गावातील एका व्यापारी कुटुंबाचे घर कल्पावे. पुढे दुकान, मागे जाड भिंतींचा माळवदाचा वाडा. किराणा आणि त्याच्या जोडीला कापूस, सोयाबीन, तुरीची खरेदी-विक्री. थोरले गादीवर बसतात, मुलगा सेलू-मानवतच्या बाजारात असतो, आणि हिशेबाचा सारा भार वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या सुनेवर असतो. सूर्यास्तापूर्वीची जेवणे उरकली, भांडी आवरली, की तिचा कामाचा दुसरा प्रहर सुरू होतो. जीएसटीची विवरणपत्रे, खरेदीची जुळवणी, उधारीच्या याद्या, बँकेचे कागद हे सर्व जेवणघरातील टेबलावर चालते. तिच्या या कामाला घरात कोणी ‘कार्यालय’ म्हणत नाही. पण कार्यालयात जे घडते ते सर्व तेथे घडते.

अशा घरी यंत्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “गावात झेरॉक्सचे दुकान आहे, दोन रुपयांत प्रत मिळते, मग घरात हा पसारा कशाला?” थोरल्यांचा हा प्रश्न चुकीचा नाही. अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या घरात प्रत्येक नव्या वस्तूला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यावर सुनेचे उत्तर साधे असते. “बाबा, दोन रुपयांसाठी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी मी त्यांच्या मोबाइलवर पाठवते. ती तिथून पुसली जाते की नाही, ते मला ठाऊक नसते.”

खरी मेख येथेच आहे. छपाईसाठी फाइल व्हॉट्सअॅपवर पाठविली जाते, दुकानातील संगणकावर उतरवली जाते आणि तेथेच राहते. आधार, पॅन, बँकेचा खातेउतारा, भागीदारीपत्र, घरातील मुलीच्या लग्नासाठी तयार केलेला परिचयपत्राचा कागद, सारे एका अनोळखी संगणकात वर्षानुवर्षे पडून असते. दुकानदार सज्जनच असेल. परंतु त्याच्या दुकानात कामाला येणारा मुलगा, संगणक दुरुस्त करणारा, पुढे तो संगणक जुन्या बाजारातून विकत घेणारा, यांची हमी कोण देणार? ओळखपत्राची छायाप्रत आणि सहीचा नमुना एकाच ठिकाणी मिळाला की फसवणूक करणाऱ्याचे अर्धे काम झाले, हे बँकेच्या व्यवहारात वावरलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. बाहेर प्रत काढणे अटळच असेल, तेव्हा शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार वापरावे आणि काम होताच फाइल आपल्यासमोर पुसून घ्यावी. पण ज्या घरातून महिन्याला शेकडो कागद निघतात, त्या घराने यंत्र घरीच आणावे. त्यास पसारा म्हणता येणार नाही.

किती कागद निघतात हे मात्र आधी मोजावे. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या पेढ्यांवर करकर आवाज करणारे डॉट मॅट्रिक्स यंत्र असे. त्याच्या सुया कागदावर आघात करीत, म्हणून मध्ये कार्बन घातला की एका फेरीत तीन प्रती निघत. लेझर यंत्र आघात करीत नाही, त्यामुळे त्यात कार्बन चालत नाही. मालाच्या करबिलाच्या तीन प्रती कराव्यात, एक गिऱ्हाइकाची, एक वाहतूकदाराची, एक पेढीची, असा जीएसटीचा नियम आहे. म्हणजे लेझर यंत्रावर प्रत्येक बिल तीनदा छापावे लागते. दिवसाला सहा बिले असतील तर अठरा पाने. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ४५० पाने, आणि इतर कागद मिळून ५००. पाच वर्षांत हाच आकडा ३०,००० पानांवर जातो. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले आहे. तशा बिलाला तीन प्रतींचा नियम लागू नाही, पण त्यावरील क्यूआर संकेत स्पष्ट छापला गेला पाहिजे. फिकट किंवा पसरलेला संकेत वाटेत तपासणी झाली तर वाचला जात नाही, आणि भरलेली गाडी रस्त्याकडेला उभी राहते.

आता खर्च. सोयीसाठी दोन काल्पनिक यंत्रे घ्यावीत. पहिले १२,००० रुपयांचे, त्याचा टोनर २,७०० रुपयांचा आणि ९०० पाने छापणारा. दुसरे २०,००० रुपयांचे, टोनर ४,५०० रुपयांचा आणि २,५०० पाने छापणारा. पहिल्याचा पानामागे खर्च तीन रुपये, दुसऱ्याचा एक रुपया ऐंशी पैसे. तीस हजार पानांचा हिशेब मांडला तर पहिल्यास टोनरचे ९०,००० आणि यंत्राचे १२,००० मिळून १,०२,००० रुपये लागतात. दुसऱ्यास ५४,००० आणि २०,००० मिळून ७४,०००. दुकानात आठ हजारांनी स्वस्त दिसणारे यंत्र पाच वर्षांत अठ्ठावीस हजारांनी महाग पडते. मालाच्या भावात क्विंटलमागे दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा व्यापारी हा हिशेब न मांडता यंत्र उचलतो, याचे आश्चर्य वाटते. महिन्याला पन्नासच पाने छापणाऱ्या घरात मात्र हाच हिशेब उलटतो. तीन हजार पानांना पहिल्यास एकूण २१,००० आणि दुसऱ्यास २५,४०० रुपये लागतील. म्हणून आपली पाने मोजल्याखेरीज दुसऱ्याचा सल्ला ऐकू नये.

टोनरच्या खोक्यावर छापलेली पानांची संख्या काय सांगते, तेही समजून घ्यावे. काळ्या टोनरसाठी ‘आयएसओ/आयईसी १९७५२’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती मोजतात, आणि मोजणीच्या पानावर सुमारे पाच टक्के भागच काळा असतो, म्हणजे थोडक्यात लिहिलेल्या पत्राएवढा. चौकटींनी भरलेले बिल, ठळक अक्षरांतील पेढीचे नाव, शिवाय कोपऱ्यात काळ्या पार्श्वभूमीचे बोधचिन्ह असेल तर प्रत्यक्षात कमी पाने निघतात. बिलाचा नमुना साधा ठेवणे हीच मोठी काटकसर होय. नव्या यंत्रासोबत येणारा टोनर बहुधा अर्धवट भरलेला असतो, ही दुसरी गोष्ट. तो लवकर संपला म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये. पण तो किती पानांचा आहे, हे खरेदीच्या वेळी विचारावे. तिसरी गोष्ट ड्रमची. काही यंत्रांत ड्रम टोनरच्याच नळकांड्यात असतो आणि त्याबरोबर बदलला जातो. काहींत तो वेगळा असतो व हजारो पानांनंतर स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. वेगळ्या ड्रमचे यंत्र वाईट नाही, फक्त त्याची किंमत हिशेबात धरली पाहिजे. टोनर पुन्हा भरून देणारे लोक तालुक्याच्या गावी मिळतात आणि त्यातून बचतही होते. परंतु काही यंत्रांत अशी चिप असते की मूळ कंपनीखेरीज दुसरा टोनर ते स्वीकारतच नाही. हे खोक्यावर बारीक अक्षरांत असते, आणि बारीक अक्षरे वाचण्याची सवय व्यापाऱ्याला असतेच.

शाईच्या टाकीचे यंत्र घ्यावे की लेझर, हा वाद प्रत्येक घरात होतो. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर पानामागील खर्चात शाईची टाकी लेझरला सहज मागे टाकते, आणि वीजही फार कमी खाते. रोज छपाई असेल, रंगीत कागद लागत असतील, मुलांचे शाळेचे प्रकल्प असतील, तर ते यंत्र घेण्यात चूक नाही. त्याचे दुखणे वेगळे आहे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना घर आठ-पंधरा दिवस बंद राहिले, तीर्थयात्रा झाली, लग्नकार्य झाले, की शाई तोंडाशी वाळते आणि यंत्र ऐन विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी रेघा मारू लागते. शिवाय साध्या शाईचे अक्षर पावसाच्या थेंबाने किंवा गाडीवाल्याच्या घामेजलेल्या खिशात पसरते. लेझरचे अक्षर म्हणजे शाई नव्हेच. ती काळा रंग मिसळलेल्या प्लास्टिकची अतिसूक्ष्म भुकटी असते. लोकरी कापडावर घासलेल्या कंगव्याला जसे कागदाचे कपटे चिकटतात, तशी ती स्थिर विजेने आधी ड्रमला आणि मग कागदाला चिकटते, आणि शेवटी तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून कागदात बसते. भुकटी कोरडीच असल्याने ती वाळत नाही. महिनाभर बंद असलेले लेझर यंत्र पहिल्या दिवशी पहिलेच पान नीट छापते. वालूरच्या त्या सुनेची अट नेमकी हीच असेल : “पंधरा दिवसांनी लावले तरी चालले पाहिजे.”

ही युक्ती ज्याने शोधली तोही कागदांना कंटाळलेला कारकुनी पेशाचाच माणूस होता. चेस्टर कार्लसन अमेरिकेतील एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करी, आणि तेथे मसुद्यांच्या प्रती पुन्हा पुन्हा कराव्या लागत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अॅस्टोरिया भागात त्याने कोरड्या भुकटीने पहिली प्रत काढली. अनेक नामांकित कंपन्यांनी त्याला नकार दिला. त्या शोधावर आधारित ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र १९५९ मध्ये आले आणि कंपनीचे नावच आपल्याकडे छायाप्रतीचे नाव होऊन बसले. पुढे त्याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर याने लेझरच्या किरणाने ड्रमवर थेट अक्षरे रेखाटण्याची कल्पना १९७१ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. सामान्य कार्यालयाच्या टेबलावर हे यंत्र पोहोचले ते १९८४ मध्ये.

लेझर यंत्राचा एक दोष मात्र खेड्यात फार जाणवतो. तो तापलेला रूळ वीज ओढतो. छापताना चारशे-पाचशे वॅट, आणि सुरुवातीला तापताना क्षणभर त्याहून कितीतरी अधिक. संगणकासाठी घेतलेला सहाशे व्हीएचा साधा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपास भार पेलतो. त्यावर लेझर यंत्र जोडले की यूपीएस किंचाळून बंद पडतो आणि सोबत संगणकही. घरगुती इन्व्हर्टरवरही ते जोडू नये. त्याला भिंतीतील स्वतंत्र, भूसंपर्क नीट असलेला तीन पिनांचा सॉकेट द्यावा, फ्रिजच्या एक्स्टेन्शनवर टांगू नये. वीज गेल्यावर काय करायचे, ते आधीच ठरवून ठेवावे. ई-वे बिलाचा कागद सोबत असणे सक्तीचे नाही, त्याचा क्रमांक चालतो. ई-इन्व्हॉइसचा क्यूआर संकेतही मोबाइलवर दाखविता येतो. त्यामुळे वीज नाही म्हणून गाडी अडवून धरण्याचे कारण नसते. छापता छापता वीज गेली आणि कागद आत अडकला, तर रूळ थंड होईपर्यंत थांबावे. घाईने ओढलेला कागद फाटतो आणि त्याचा उरलेला तुकडा पुढे मेकॅनिकची फी वसूल करतो.

छापणे, छायाप्रत काढणे आणि स्कॅन करणे ही तीन कामे करणारे यंत्र व्यापारी घराला पुरते. चौथे काम म्हणून फॅक्स असतो, त्यासाठी आता एक रुपयाही जादा देऊ नये. रंगीत लेझरचा मोहही आवरावा. त्यात एकाऐवजी चार टोनर असतात, आणि चारही संपतात. पर्युषणाची पत्रिका वर्षातून एकदा छापखान्यातून छापून आणलेलीच बरी. उलट दोन सोयी जरूर घ्याव्यात. एक, कागद आपोआप उलटून दोन्ही बाजूंनी छापण्याची. बिलांना तिचा उपयोग नाही, पण खतावणीचे उतारे, खातेउतारे, विवरणपत्रांच्या प्रती यांना आहे. निम्मी पाने जरी दोन्ही बाजूंनी छापली तरी तीस हजार पानांत साडेसात हजार कागद, म्हणजे पंधरा रिमे वाचतात. झाडाचा विचार करणाऱ्या घरात ही केवळ पैशाची बाब राहत नाही. दुसरी सोय म्हणजे कागदांची चळत आपोआप आत ओढून स्कॅन करणारा वरचा भाग, ज्यास एडीएफ म्हणतात. जीएसटीचे हिशेब संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्या काळातील खरेदीबिले एकेक करून काचेवर ठेवायची म्हटली तर कोणीही ते करणार नाही, आणि मग गरजेच्या वेळी नेमके एक बिल सापडणार नाही. चळत ठेवली आणि बटण दाबले, एवढे सोपे असेल तरच ती सवय टिकते. आणखी एक तपशील : बहुतेक लहान यंत्रांची काच ए-फोर आकाराचीच असते. गहाणखत, करारनामे, बँकेचे जुने कागद लीगल आकाराचे असतात. ते एडीएफमधून जातात की नाही, हे दुकानात आपला एखादा लांब कागद नेऊनच पाहावे.

मात्र प्रत्येक कागद एडीएफमधून जाण्याच्या योग्यतेचा नसतो. अनेक जैन घरांत आजोबांच्या हातच्या वह्या, हस्तलिखित पूजापाठ, जीर्ण पोथ्या असतात. त्या रुळांत घालणे म्हणजे त्यांचा चुरा करणे होय. काचेवरही पोथी दाबून उघडू नये, तिची शिवण तुटते. सैल पान हलकेच काचेवर ठेवून तीनशे किंवा सहाशे डीपीआयवर एकदाच स्कॅन करावे, नाही तर वरून दिवसाच्या उजेडात मोबाइलने छायाचित्र घ्यावे. प्रती करणे हे जैन समाजाला नवे नाही. शास्त्रदान म्हणून पोथ्या नकलून मंदिरांना देण्याची रीत शतकांची आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र धर्मग्रंथ छापावेत की नाही यावर समाजात तीव्र मतभेद होते. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८५ मध्ये ‘जैन बोधक’ सुरू केले आणि छापील अक्षर घराघरांत नेले. मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके राहिलेल्या धवला टीकेचा पहिला खंड डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाने १९३९ मध्ये अमरावतीहून छापून प्रसिद्ध झाला, तोही आधी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळेच. घरातील पोथीची एक स्वच्छ प्रत श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला तयार झाली, तर त्या यंत्राच्या किमतीचा काही भाग वेगळ्याच खात्यात जमा धरता येईल.

यंत्र उबदार असते, आणि उबेला जीव येतात. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत नसते, पण माळवदाच्या घरात राहणाऱ्यांना ती सांगावी लागत नाही. कागदाच्या कप्प्यात मुंग्या, मागच्या फटीत पाल, कधी झुरळांची अंडी. रूळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो, तेव्हा आत काय आहे हे न पाहता बटण दाबणे जयणेला धरून नाही. रोज सकाळी यंत्र लावण्यापूर्वी कप्पा ओढून, मागचे झाकण उघडून नजर टाकावी, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडावे आणि रात्री काम संपले की सुती कापड घालावे. कीटकनाशकाचा फवारा यंत्राजवळ मारू नये. त्यात जीवहिंसा तर आहेच, शिवाय फवाऱ्याने ड्रमही खराब होतो. खाण्याचे डबे ज्या टेबलावर असतात तेथे यंत्र न ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. म्हणजेच सुनेचे ‘कार्यालय’ जेवणाच्या टेबलावरून उठवून एखाद्या हवेशीर खोलीत न्यावे लागेल. त्यास कारण यंत्र झाले तरी चालेल.

जागा ठरविताना वाय-फायचाही विचार व्हावा. दीड-दोन हात जाडीच्या भिंतींतून लहरी जात नाहीत, आणि मग “यंत्र सापडत नाही” असा संदेश पाहून घरातील प्रत्येक जण दुसऱ्यावर चिडतो. राउटर आणि यंत्र एकाच खोलीत असावे. ते जमत नसेल तर साधी यूएसबी केबल लावावी. पावसाळ्यात कागदाची फोडलेली रिम उघडी ठेवू नये. दमट कागद वळतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. भुकटी सांडली तर कोरड्या कापडाने टिपावी व हात गार पाण्याने धुवावे. गरम पाण्याने ती अधिकच चिकटते. रिकामे नळकांडे उकिरड्यावर जाळू नये. यंत्र आणि त्याचे भाग ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. ते विक्रेत्याकडे परत देता येते का, हे विचारावे.

खरेदीच्या दिवशी बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक नीट लिहून घ्यावा. वीस हजारांच्या यंत्रावर अठरा टक्क्यांप्रमाणे ३,६०० रुपये कर होतो. नियमित करदात्याला तो इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळतो, कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मिळत नाही. क्रेडिट घेतले असेल तर त्या ३,६०० वर घसारा मागू नये, दोन्हींचा लाभ एकत्र मिळत नाही. मुलांचे गृहपाठ त्याच यंत्रावर छापायचे असतील, तर क्रेडिट व्यवसायाच्या प्रमाणातच घ्यावयाचे असते. संगणकाला आयकरात ४० टक्के घसारा मिळतो आणि छपाईयंत्र हे त्याचेच अंग मानले गेले आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्मा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैसे रोखीने देऊ नयेत. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रक्कम रोख दिली, तर ती मालमत्तेच्या किमतीत धरलीच जात नाही आणि घसारा बुडतो. “नगदी दिले तर हजार कमी करतो” असे सांगणारा विक्रेता प्रत्यक्षात त्याहून मोठी रक्कम गिऱ्हाइकाच्या खिशातून काढत असतो.

हमीपत्रात एक वर्षाची हमी असे लिहिलेले असते, पण ती कोठे, हे विचारावे. दुरुस्ती करणारा घरी येणार, की यंत्र उचलून परभणीला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यायचे? बससाठी गुंडाळलेले दहा-बारा किलोंचे यंत्र मांडीवर घेऊन केलेला प्रवास स्वस्त खरेदीची आठवण वर्षभर देतो. सेलू किंवा परभणीतील विक्रेता चार-पाचशे रुपये महाग सांगत असेल, पण त्याच्याकडे माणूस, टोनर आणि सुटे भाग असतील, तर त्याच्याकडूनच घ्यावे. पैसे देण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपवरून मराठी मजकूर असलेले बिल छापून पाहावे, जोडाक्षरे तुटत नाहीत ना ते पाहावे, एक दोन्ही बाजूंचे पान काढावे, दहा कागदांची चळत स्कॅन करावी. आणि हे सर्व ज्या हातांनी रोज करायचे आहे, त्या हातांनी करावे. सासऱ्यांनी पैसे द्यावेत, मुलाने यंत्र गाडीत ठेवावे. पण बटण दाबून पसंती सांगण्यासाठी दुकानात सुनेला नेले पाहिजे.

घरी आल्यावर एक काम राहते. अनेक दुकानांत बिले उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर देतात. काही महिन्यांत त्यांवरील अक्षरे उडून कोरा कागद उरतो, आणि हमीसाठी तोच कोरा कागद घेऊन जाण्याची वेळ येते. यंत्राचे बिल तसे असेल, तर पहिली छायाप्रत त्याचीच काढावी, आणि ती पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात न ठेवता कागदी फायलीत लावावी, कारण टोनरचे अक्षर पीव्हीसीला चिकटून निघून येते.